घरची डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही: नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी या क्रमाने तपासा

घरी किंवा छोट्या स्टुडिओत बनवलेली डीव्हीडी कॉम्प्युटरवर चालते, पण टीव्हीखालच्या प्लेअरवर चालत नाही. ही तक्रार घेऊन येणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" लग्न, मुंज, शाळेचं गॅदरिंग, भजनी मंडळाचा कार्यक्रम, अशा कितीतरी डिस्क मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलो आहे. माझा अनुभव असा, की दोष कुठल्या टप्प्यावर आहे हे कळल्याशिवाय सॉफ्टवेअर निवडताच येत नाही, आणि तो टप्पा कळला की बहुतेक वेळा पैसे खर्च करायची गरजच उरत नाही.

लक्षणं

तुमची तक्रार यातली कुठली, ते आधी पाहा.

- प्लेअर "नो डिस्क" किंवा "डिस्क एरर" दाखवतो. तीच डिस्क कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये नीट चालते.
- डिस्क लागते, पण मेनूऐवजी फाइलींची यादी येते. किंवा चित्र दिसतं आणि आवाज येत नाही.
- सुरुवातीला सगळं छान, मग चित्र अडकायला लागतं, चौकोन पडतात.
- आवाज हळूहळू मागे पडतो. मंगलाष्टकांपर्यंत ओठ आणि शब्द यांचा मेळ सुटलेला असतो.
- हात हलला किंवा कॅमेरा फिरला की चित्राच्या कडा थरथरतात, कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात.
- मेनूतल्या मराठी शीर्षकात जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलत्याच जागी जातात.
- इथे चालणारी डिस्क अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा बहिणीकडे चालत नाही.

आधी एवढं समजून घ्या

डीव्हीडी बनवण्यात चार वेगळी कामं असतात. पहिलं संपादन, म्हणजे चित्रफीत कापणं-जोडणं. दुसरं एन्कोडिंग, म्हणजे ती एमपीईजी-२ या डीव्हीडीच्या ठरलेल्या स्वरूपात बदलणं. तिसरं ऑथरिंग: मेनू, चॅप्टर, बटणं आणि प्लेअरला वाट दाखवणाऱ्या आयएफओ फाइली तयार करणं. चौथं बर्निंग, म्हणजे तयार फाइली कोऱ्या डिस्कवर लिहिणं (राइट करणं). काही प्रोग्राम चारही कामं करतात, काही एकच करतात. फाइलींची यादी दिसणं म्हणजे ऑथरिंग झालेलंच नाही. आवाज मागे पडणं हा मूळ फाइलीचा किंवा एन्कोडिंगचा दोष. "नो डिस्क" हा बहुधा बर्निंगचा किंवा प्लेअरचा. बर्निंगमध्ये गडबड असताना महागडं ऑथरिंग सॉफ्टवेअर आणलं तर डिस्क पुन्हा तशीच निघणार.

१. दुसरा प्लेअर, दुसरी डिस्क

यात खर्च काहीच नाही. शेजाऱ्यांच्या प्लेअरवर तीच डिस्क लावून बघा आणि तुमच्या प्लेअरवर पूर्वी चालणारी एखादी घरची डिस्क लावून बघा. कंपनीची विकत घेतलेली डिस्क चालते म्हणून प्लेअर चांगला आहे, असं धरून चालू नका. लेसर थकलेला प्लेअर छापील डिस्क वाचतो आणि राइट केलेल्या डिस्कवर हात टेकतो, हे नेहमीचं आहे. डीव्हीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क, वापरली असेल तर अडचण आणखी वाढते, कारण तिचा पृष्ठभाग साध्या डीव्हीडी-आरच्या मानाने खूपच कमी प्रकाश परत पाठवतो. जुन्या प्लेअरला ती डिस्क दिसतच नाही. चाचणीपुरती आरडब्ल्यू ठीक आहे, द्यायची प्रत मात्र नेहमी डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी+आरवर काढा. जुन्या प्लेअरच्या बाबतीत मी डीव्हीडी-आरला पहिली पसंती देतो.

डिस्क पुसायची तर मऊ कापडाने, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसलं तर ओरखडा वाचनाच्या रेघेच्या दिशेने पडतो आणि तो भरून काढणं प्लेअरला जड जातं.

२. डिस्कमध्ये नेमकं आहे काय?

सगळ्यात जास्त डिस्कचा दोष याच पायरीवर सापडतो, म्हणून घाई करू नका.

डिस्क कॉम्प्युटरमध्ये उघडा. सगळ्यात वरच्या पातळीवर "व्हिडिओ_टीएस" (VIDEO_TS) नावाचं फोल्डर दिसायला हवं, आणि त्यात आयएफओ, बीयूपी, व्हीओबी अशा फाइली हव्यात. जुने काही प्लेअर शेजारी "ऑडिओ_टीएस" हे रिकामं फोल्डरही शोधतात, ते असलेलं बरं. त्याऐवजी "लग्न फायनल" नावाची एमपी४ फाइल दिसत असेल, तर ती डीव्हीडी-व्हिडिओ नव्हे, नुसती डेटा डिस्क आहे. कॉम्प्युटरला फरक पडत नाही, तो फाइल उघडून चालवतो. साध्या प्लेअरला एच.२६४ या नव्या एन्कोडिंगची एमपी४ समजेलच असं नाही. काही प्लेअर यादी दाखवतात, काही चित्र चालवतात आणि आवाज सोडतात.

विंडोज इथे हमखास घोटाळा करून ठेवतं. कोरी डिस्क टाकली की ते दोन पर्याय विचारतं: यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची, की सीडी/डीव्हीडी प्लेअरबरोबर वापरायची. पहिला पर्याय निवडला की डिस्कवर अशी फाइल-रचना तयार होते जी घरगुती प्लेअर बहुतेक वेळा वाचतच नाहीत. दुसऱ्या पर्यायाचं नाव वाचून माणसाला वाटतं की आता मेनू असलेली डीव्हीडी तयार होणार. तसं होत नाही. तोही पर्याय फाइली आहेत तशाच राइट करतो, फक्त जास्त यंत्रांना वाचता येईल अशा पद्धतीने. ऑथरिंग कोणीतरी आधी केलेलं असावंच लागतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे व्हिडिओ_टीएस फोल्डर डिस्कवर आहे, पण "गॅदरिंग" नावाच्या आणखी एका फोल्डरच्या आत. प्लेअर ते शोधायला आत जात नाही. ते बाहेर काढून पुन्हा बर्न केलं की काम झालं.

आणि हो, अशी डेटा डिस्क हाती लागली तर एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: डीव्हीडी खरंच हवी आहे का? पाहणाऱ्याच्या टीव्हीला यूएसबी पोर्ट असेल तर एमपी४ पेन ड्राइव्हवर द्या. चित्रही जास्त स्पष्ट मिळेल, कारण डीव्हीडीवर आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ एवढंच मावतं. पण आजीकडे प्लेअरच असेल आणि तिला रिमोटवरचं एकच बटण ठाऊक असेल, तर डीव्हीडीच बनवा आणि नीट बनवा.

३. बर्निंग

आतली रचना बरोबर आहे आणि तरी "नो डिस्क" येतं, तेव्हा तीन गोष्टी पाहा. डिस्क फायनलाइज झाली आहे का, म्हणजे लिहिणं संपल्यावर ती बंद केली आहे का? सेशन उघडं राहिलं तर ज्या मशीनवर राइट केली तिथे ती चालते, दुसरीकडे नाही. राइट केल्यावर व्हेरिफाय केलं का, म्हणजे लिहिलेलं वाचून ताडून पाहिलं का? त्याची खूण करून ठेवायला क्षणभर लागतो आणि खराब डिस्क पाहुण्यांच्या हातात जाण्याआधीच पकडली जाते. वेग किती ठेवला? १६एक्स लिहिलेल्या डिस्कवर मी ८एक्स किंवा ४एक्स ठेवतो. अगदी सर्वात कमी वेग म्हणजे सर्वात चांगली डिस्क, असं मात्र नसतं. आजच्या डिस्क जास्त वेगासाठीच बनवलेल्या असतात.

वरच्या बाजूला कागदी स्टिकर चिकटवू नका. गोंद वाळताना कागद आक्रसतो, डिस्क किंचित वाकते, तोल जातो, आणि वाचन कडेच्या भागात बिघडतं. नाव लिहायला डिस्कसाठी मिळणारा पाण्याच्या शाईचा मार्कर वापरा.

बर्निंगसाठी नवीन काही विकत घ्यायची गरज नाही. विंडोज ७ पासून पुढे आयएसओ फाइलवर, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या एका फाइलीतल्या प्रतीवर, राइट क्लिक केलं की डिस्क इमेज बर्न करण्याचा पर्याय तिथेच असतो, व्हेरिफायची खूणही असते. जास्त ताबा हवा असेल तर इमगबर्न मोफत आहे. त्याची शेवटची आवृत्ती २.५.८.० ही २०१३ची आहे, तरी काम चोख करते. इन्स्टॉल करताना मात्र प्रत्येक पडदा वाचा आणि सोबतच्या "ऑफर" नाकारा. लिनक्सवर के३बी आहे.

४. वेळ आणि जागा यांचा हिशोब

डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज ४.३८ च्या आसपास दाखवतं. डिस्क तेवढीच असते, फक्त मोजण्याची रीत वेगळी. या जागेत एक तासाचं चित्र उत्तम बसतं. दोन तासांना चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वाट्याला येतात. तेही चांगलं दिसतं. तीन तासांना साडेतीनपेक्षा कमी उरतात आणि वरातीतला नाच, लुकलुकणारे दिवे, उडणारे तांदूळ यांत चौकोन पडायला लागतात. चार तासांचं लग्न एका डिस्कवर कोंबण्यापेक्षा दोन डिस्क करा. एन्कोडर कितीही महाग घेतला तरी नसलेली जागा तो आणणार कुठून?

आवाजाकडेही पाहा. काही प्रोग्राम आपणहून पीसीएम आवाज निवडतात. तो एकटाच सेकंदाला दीड मेगाबिट खातो. डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी३, १९२ किंवा २२४ किलोबिटवर ठेवा, वाचलेली जागा चित्राला मिळेल. एमपी३ आणि एएसी आवाज डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत बसत नाहीत. चित्र आहे आणि आवाज नाही, याचं कारण कित्येकदा इथेच असतं.

उलट टोकाची चूकही होते. नियमाप्रमाणे चित्राचा कमाल बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारी माहिती, ९.८ मेगाबिट आहे, म्हणून लोक तो ९.८ वरच ठेवतात. राइट केलेली डिस्क वाचताना जुना प्लेअर तिथे धापा टाकतो. मी कमाल मर्यादा ८ वर ठेवतो. टीव्हीवर फरक दिसत नाही आणि अडकणं थांबतं.

अडकण्याचं कारण बिटरेट की डिस्क, हे ओळखायची सोपी खूण आहे. सगळ्या प्रती त्याच धावपळीच्या दृश्यावर अडकत असतील तर बिटरेट. शेवटच्या भागात, प्रत्येक प्रत वेगळ्या जागी अडकत असेल तर कोरी डिस्क हलकी आहे. राइटिंग आतून बाहेर होतं आणि हलक्या डिस्कची कड आधी दगा देते. अशा वेळी चांगल्या कंपनीची डिस्क घ्या आणि ती काठोकाठ भरू नका.

५. मूळ फाइल

फोनवरचं शूटिंग हे आवाज मागे पडण्याचं सध्याचं सर्वात मोठं कारण आहे. फोन प्रकाशाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो. डीव्हीडीला एकच स्थिर वेग लागतो: पालला सेकंदाला २५, अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीला २९.९७. जुने ऑथरिंग प्रोग्राम हा बदलता वेग नीट हाताळत नाहीत, आणि तासाभरात आवाज आणि चित्र यांच्यात फट पडते. हँडब्रेक या मोफत प्रोग्राममध्ये फाइल टाकून फ्रेम रेट "कॉन्स्टंट" ठेवा आणि ती नवी फाइल ऑथरिंगला द्या. हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, तो फक्त फाइल सरळ करून देतो.

फोनचं शूटिंग ३० फ्रेमचं असेल तर ते २५ मध्ये कोंबताना हालचालीत हिसके येतात. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती चालवतात, म्हणून अशा वेळी मी सरळ एनटीएससी डिस्क बनवतो. अमेरिकेला पाठवायची डिस्क तर एनटीएससीच हवी, तिथले कित्येक प्लेअर पाल डिस्क नाकारतात.

थरथरणाऱ्या कडांचं कारण बहुधा फील्ड ऑर्डर, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळींच्या दोन संचांपैकी (फील्डांपैकी) आधी कुठला दाखवायचा तो क्रम. जुन्या मिनी डीव्ही कॅमेऱ्याच्या चित्रात खालचं फील्ड आधी असतं, १०८०आय हाय डेफिनिशन कॅमेऱ्यात वरचं आधी. एन्कोडिंगच्या सेटिंगमध्ये हे उलटं पडलं की हालचाल पुढे-मागे उड्या मारते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते लपून राहतं, टीव्हीवर उघडं पडतं. फोनच्या चित्राला ही भानगड नाही.

६. मराठी नावं आणि मराठी मेनू

प्रोग्राम मधेच एरर देऊन बंद पडत असेल तर फाइलींची आणि फोल्डरांची नावं तात्पुरती रोमन लिपीत, जागा न सोडता, छोटी करा. जुन्या प्रोग्रामना देवनागरी नावं पचत नाहीत, आणि एररच्या संदेशात हे कारण कुठेच लिहिलेलं नसतं.

मेनूतली तुटलेली जोडाक्षरं हा सॉफ्टवेअर बदलण्याचा निकष करू नका. अक्षरं ऑथरिंग प्रोग्राममध्ये टाइपच करू नका. लिब्रे ऑफिस इम्प्रेस किंवा पॉवरपॉइंटमध्ये युनिकोड फाँटमध्ये शीर्षक लिहा, पान चित्र म्हणून एक्सपोर्ट करा आणि तेच चित्र मेनूची पार्श्वभूमी म्हणून लावा. रुंद पडद्यासाठी चित्र १०२४ बाय ५७६ या मापात तयार करून मग ७२० बाय ५७६ करा, म्हणजे टीव्हीवर अक्षरं दबलेली किंवा ताणलेली दिसत नाहीत. चारही कडांना दहा टक्के जागा मोकळी सोडा, जुने टीव्ही कड कापतात. बटणाचं नाव चित्रातच असू द्या आणि प्रोग्राममध्ये फक्त त्यावर साधी चौकट ठेवा. "श्री व सौ" ते "स्नेहसंमेलन" सगळं जसंच्या तसं दिसतं.

एवढं करूनही सॉफ्टवेअर बदलायचंच असेल

घरचे एक-दोन कार्यक्रम आहेत, साधा मेनू पुरेसा आहे: डीव्हीडीस्टायलर घ्या. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मिळतो. नवा प्रोजेक्ट उघडतानाच तो पाल की एनटीएससी, पडद्याचं प्रमाण आणि आवाजाचा प्रकार विचारतो. तिथे मन लावून निवडलं की वरच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत. डीव्हीडी फ्लिक त्याहून सोपा आहे, पण फक्त विंडोजसाठी आहे, मेनू अगदीच बेताचे आहेत आणि बरीच वर्षं त्याची नवी आवृत्ती आलेली नाही. विंडोज डीव्हीडी मेकर तुमच्या जुन्या विंडोज ७ च्या मशीनवर असेल तर जरूर वापरा. विंडोज ८ पासून तो काढून टाकला आहे. मॅकवरचा आयडीव्हीडी २०११ नंतर नव्या मशीनवर येणं थांबलं, आणि मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीपासून तो चालत नाही.

महिन्याला बरीच कामं येतात, सबटायटल हवेत, दोन भाषांचा आवाज हवा: तेव्हा पैसे मोजायला हरकत नाही. टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्स, नीरो अशी नावं आहेत. पैशांच्या बदल्यात मिळतं ते असं: कमी बिटरेटलाही बरं चित्र देणारा एन्कोडर, मेनूवर पूर्ण ताबा, आणि आधीच डीव्हीडीच्या नियमांत असलेली फाइल पुन्हा एन्कोड न करता घेण्याची सोय. ही शेवटची सोय रोज काम करणाऱ्याचे तास वाचवते, वर्षातून एक डिस्क बनवणाऱ्याला तिचा उपयोग नाही. घेण्याआधी ट्रायल आवृत्तीवर तुमची स्वतःची फाइल, मराठी मेनूसकट, एकदा शेवटपर्यंत नेऊन पाहा. ट्रायलमध्ये चित्रावर शिक्का उमटतो का, हेही पाहून ठेवा. ती प्रत कुणाला देऊ नका. डीव्हीडी ड्राइव्हच्या खोक्यात नीरोची डिस्क आलेली असेल तर ती आधी शोधा.

अॅडोबी एन्कोर हा ऑथरिंगचा प्रोग्राम आजही काहीजण सुचवतात. सीएस६ ही त्याची शेवटची मालिका. स्टुडिओत आधीपासून असेल तर उत्तम, पण आज त्याच्यासाठी पैसे घालू नका.

कुठलंही सॉफ्टवेअर असो, थेट डिस्कवर राइट करू नका. आधी आयएसओ किंवा व्हिडिओ_टीएस फोल्डर बनवा, व्हीएलसीमध्ये उघडून प्रत्येक बटण दाबून बघा, आणि मगच कोरी डिस्क घाला.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

मूळ शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर आहे आणि टेपवर पांढरी बुरशी दिसते: ती व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते, टेप अडकून तुटू शकते. हे काम टेप साफ करणाऱ्याचं आहे.

एकच प्रत असलेली जुनी डिस्क वाचली जात नाही: पुन्हा पुन्हा फिरवू नका, घासणारं पॉलिश लावू नका. दुसऱ्या ड्राइव्हवर एकदा प्रयत्न करा, नाही जमलं तर डेटा परत मिळवणाऱ्याकडे द्या.

कुठलीच राइट केलेली डिस्क घेत नसलेला प्लेअर: लेन्स साफ करूनही फरक नसेल तर उघडून आतला स्क्रू फिरवू नका. लेसरचा प्रकाश डोळ्यांना घातक असतो. मेकॅनिक पिकअप, म्हणजे लेसरचा भाग, बदलायचे किती सांगतो ते विचारा आणि नव्या प्लेअरच्या किमतीशी ताडून पाहा.

२५ फ्रेमचा लांब कार्यक्रम परदेशासाठी एनटीएससीमध्ये हवा आहे आणि हालचाल नितळ हवी आहे, किंवा शेकडो प्रती विक्रीसाठी हव्या आहेत: दोन्ही कामं स्टुडिओची. मोठ्या संख्येला राइट करण्याऐवजी काचेच्या मास्टरवरून छापणं परवडतं, आणि तशा डिस्क जुन्या प्लेअरवरही चालतात.

जाणकाराकडे जाताना न चालणारी डिस्क एवढीच नेऊ नका. संपादन केलेली मूळ फाइल, मेनूची चित्रं, आणि कुठल्या प्लेअरवर नेमकं काय दिसतं हे एका कागदावर लिहून न्या. काम झाल्यावर डिस्कबरोबर आयएसओ फाइलही मागून घ्या, म्हणजे पुढची प्रत तुम्ही घरीच काढू शकता.